रूळ पडण्याआधीचे कागद

मुंबईतल्या फणसवाडीतून जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर आलं, की मेट्रो ३ ची दोन स्थानकं पायी गाठता येतात. एका बाजूला गिरगाव, दुसऱ्या बाजूला काळबादेवी. ९ ऑक्टोबर २०२५ पासून इथे प्रवाशांची ये-जा सुरू झाली. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं आणि त्यांतली २६ जमिनीखाली. या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०१३ मध्ये. म्हणजे ही गाडी गिरगावकरांना दिसण्याच्या किमान बारा वर्षं आधीपासून ती कागदावर पक्की होती. मार्ग, स्थानकांच्या जागा, कुठली इमारत जाणार आणि कुठली राहणार, सगळं. रस्त्यावर पत्रे उभे राहतात तेव्हा लोक विचारायला लागतात, “हे कधी ठरलं?” ते ज्या कागदांत ठरतं, त्यांची ही ओळख. सरकारकडून वाहतूक प्रकल्पाच्या आखणीसाठी आणि नंतर बांधणीसाठी पैसा हवा असेल, तर कुठले कागद द्यावे लागतात, ते कोण तपासतं आणि त्यांतल्या कुठल्या कागदाचा तुमच्या-माझ्या घराशी थेट संबंध येतो, हे नागरिकाला माहीत असलंच पाहिजे असं मला वाटतं.

या व्यवहाराची सुरुवातही गिरगावातूनच झालेली आहे. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत रेल्वे आणण्यासाठी १८४५ पासून खटपट केली, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं सुरुवातीचं कामकाज नानांच्या वाड्यातून चालत असे. पण लंडनमधल्या भांडवलदारांना हिंदुस्थानात पैसा घालायचा तर हमी हवी होती. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीबरोबर करार झाला. पाच लाख पौंडांचं भांडवल, त्यावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी, आणि जमीन ९९ वर्षांसाठी विनामूल्य. ही रक्कम अनुदान नव्हती, पण जोखीम सरकारच्या डोक्यावर होती. म्हणून करारात अट आली: मार्ग, नकाशे, खर्च, हिशेब, सगळ्यावर सरकारच्या सल्लागार अभियंत्याची मान्यता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती अशा मान्यतांच्या चळतीवरून. आज मंत्रालयातल्या फायलीवर जी ‘मान्यतेस्तव सादर’ अशी टिप्पणी दिसते, तिचं कूळ इथवर नेता येतं.

नुसता परवाना हातात असून भागत नाही, हेही याच भागाने पाहिलं. मुंबईत ट्राम चालवण्यासाठी १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने अर्ज केला. परवाना मिळालाही. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, मुंबईतला पैसा आटला आणि ती योजना कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन मार्गांपैकी एक बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून जाणारा होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रकल्पाच्या आधी नियोजन हवं, आणि नियोजनासाठीही पैसा लागतो. हजारो घरांत सर्वेक्षण करायचं, नाक्यानाक्यावर वाहनं मोजायची, जमिनीत भोकं पाडून माती तपासायची, नकाशे काढायचे. मूळ प्रकल्पाच्या मानाने हा खर्च किरकोळ, पण महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो सहज मागे पडतो. म्हणून सरकारं आखणीसाठी स्वतंत्र मदत देतात आणि त्या मदतीला अटी जोडतात.

या पद्धतीचा पक्का कायदेशीर साचा अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने बसवला. पन्नास हजारांहून जास्त लोकवस्तीच्या शहरी भागाला केंद्राचा रस्ते-निधी हवा असेल, तर तिथे सातत्याने, सर्वांगाने आणि स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन वाहतूक नियोजन चाललं पाहिजे, अशी ती अट होती. योगायोग असा की त्याच सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईचा वाहतूक अभ्यास हाती घेतला आणि १९६३ मध्ये अहवाल दिला. त्यात शहराच्या कडांनी जाणाऱ्या द्रुतगती रस्त्यांची कल्पना होती. मोटारींनी घडवलेल्या देशातल्या तज्ज्ञांनी मुंबईकडेही मोटारीच्या काचेतून पाहिलं, असं माझं मत आहे.

मुंबईतल्या माणसाच्या चालण्याची नीट नोंद घेणारा मोठा अभ्यास २००५ ते २००८ या काळात झाला. ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा हा अभ्यास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, जागतिक बँकेच्या साहाय्यातून करवून घेतला, आणि त्यात सुमारे ६६ हजार घरांत जाऊन माहिती गोळा झाली. महानगर प्रदेशातल्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आलं.

घरोघरच्या सर्वेक्षणाचा तो फॉर्म बारकाईने पाहण्यासारखा असतो. कुटुंबात माणसं किती, कमावणारे किती, वाहन आहे का, हे वरच्या भागात. खाली प्रत्येक माणसाची कालच्या दिवसातली प्रत्येक फेरी: कुठून निघाला, कुठे पोचला, किती वाजता, कशासाठी, कशाने, किती पैसे पडले, वाटेत गाडी बदलली का. फणसवाडीतलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा चर्नी रोडहून लोकलने अंधेरीला जातो. ही एक फेरी आहे की तीन? घर ते स्टेशन पायी, मग लोकल, मग अंधेरीहून बस. सून मुलाला शाळेत सोडते, येताना भाजी घेते आणि दुपारी पुन्हा शाळेत जाते. आजी संध्याकाळी बालाजीच्या देवळात जाऊन येते. सर्वेक्षकाने फक्त घरातल्या पुरुषाला विचारलं, तर सुनेच्या चार फेऱ्या आणि आजीच्या दोन फेऱ्या फॉर्ममध्ये येतच नाहीत. पुढे कुठल्या रस्त्यावर पदपथ रुंद करायचा, मेट्रोचं प्रवेशद्वार कुठल्या तोंडाला काढायचं, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे, हे सगळं याच आकड्यांच्या आधारावर ठरतं. म्हणून असा सर्वेक्षक दारात आला तर घरातल्या बायकांनी स्वतः बसून माहिती द्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे सगळे ज्याला डीपीआर म्हणतात तो, तयार करण्याचा निम्मा खर्च केंद्र उचलेल असं त्यात म्हटलं होतं. मात्र आराखड्याप्रमाणे वागायची शहराची तयारी हवी. त्याच्या थोडं आधी, ३ डिसेंबर २००५ रोजी, जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं होतं. त्यात शहराने आधी विकास आराखडा द्यायचा, मग प्रकल्पांचे अहवाल, मग सुधारणांच्या वेळापत्रकासह त्रिपक्षीय करार. मुंबईसारख्या महानगराला केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ टक्के आणि उरलेला निम्मा स्थानिक संस्थेचा. पैसे चार हप्त्यांत. करारावर सह्या झाल्या की पहिला २५ टक्क्यांचा हप्ता मिळे. पुढचा हवा असेल तर आधीच्या पैशांपैकी ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागे. पैसे मंजूर आहेत, काम अर्धवट आहे, आणि हप्ता प्रमाणपत्राअभावी अडकला आहे, ही तक्रार त्या वर्षांत देशभरच्या महापालिकांतून ऐकू येत असे.

मेट्रोसाठी सध्याची चौकट १६ ऑगस्ट २०१७ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय मेट्रो रेल्वे धोरणाची आहे. केंद्राकडे प्रस्ताव जातो तेव्हा त्यात तीन जाडजूड दस्तऐवज असावे लागतात: सर्वंकष वाहतूक आराखडा, पर्यायांचं विश्लेषण आणि डीपीआर. शिवाय शहरात एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापण्याची हमी, खासगी सहभागाचा काही भाग, मेट्रोमुळे वाढणाऱ्या जमिनीच्या किमतीतून वसुली कशी करणार याची योजना, आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर पट्ट्यात जोडबस, पदपथ, सायकलमार्ग कसे करणार हेही लिहून द्यावं लागतं. प्रकल्पाचा आर्थिक परतावा, म्हणजे समाजाला होणारा एकूण फायदा, १४ टक्के तरी निघाला पाहिजे. वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, कमी झालेले अपघात, कमी झालेला धूर यांची रुपयांत किंमत करून तो काढतात. आधी तिकिटातून मिळणाऱ्या परताव्यावर भर होता. तो बदलला हे मला योग्य वाटतं, कारण सार्वजनिक वाहतुकीचा बराचसा फायदा गल्ल्यावर कधी दिसतच नाही.

या तीन दस्तऐवजांत सगळ्यात कमी चर्चा होते ती पर्यायांच्या विश्लेषणाची, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. या मार्गावर मेट्रोच का? बसची स्वतंत्र मार्गिका का नको? ट्राम का नको? भुयारी का, उन्नत का नाही? या प्रश्नांची उत्तरं तिथे द्यायची असतात. डीपीआर लिहायला घेतला की हे प्रश्न संपलेले असतात. डीपीआर सांगतो ते एकाच पर्यायाबद्दल: किती डबे, किती वीज, कुठे खांब, किती कोटी. आपल्याकडे होतं असं की डीपीआर आधी आकार घेतो आणि पर्यायांचा अभ्यास मागाहून त्याला जुळेल असा लिहिला जातो. ही उलटापालट पकडायची तर दोन्ही अहवालांवरच्या तारखा बघाव्यात.

केंद्राची मदत तीन वाटांनी येते. अर्धी-अर्धी भागीदारी, प्रकल्प खर्चाच्या दहा टक्के एकरकमी अनुदान, किंवा खासगी कंपनीला दिलेला तूटभरपाई निधी. तिसऱ्या वाटेचं मुंबईतलं उदाहरण म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो १. प्रकल्पाची मूळ किंमत २,३५६ कोटी रुपये, तूटभरपाई ६५० कोटी, त्यात केंद्राचे सुमारे ४७१ कोटी. केंद्राची मर्यादा प्रकल्प खर्चाच्या २० टक्के असल्याने तो आकडा बरोबर तिथे थांबतो. खासगी भागीदारीचा प्रकल्प आखण्यासाठी सल्लागार नेमायचा खर्चही केंद्राच्या एका निधीतून मिळतो. त्याची नवी योजना ३ नोव्हेंबर २०२२ रोजी आली आणि एका प्रस्तावाला कमाल पाच कोटी रुपये अशी तिची मर्यादा आहे.

मेट्रो ३ पहिल्या वाटेने आली. २३,१३६ कोटी रुपयांच्या मूळ अंदाजात केंद्र आणि राज्य यांचं भागभांडवल प्रत्येकी २,४०२ कोटी. त्याखेरीज केंद्राचं १,०२५ कोटींचं आणि राज्याचं १,६१५ कोटींचं दुय्यम कर्ज. विमानतळाकडून ७७७ कोटी, एमएमआरडीएचं ६७९ कोटींचं अनुदान, जागेच्या विकासातून आणि शुल्कातून १,००० कोटी. आणि उरलेलं सगळं, म्हणजे १३,२३५ कोटी, जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या दारातून येतो आणि प्रत्येक दाराशी वेगळी फाइल असते. भागभांडवलासाठी केंद्रीय नगरविकास खात्यातून सार्वजनिक गुंतवणूक मंडळ आणि तिथून मंत्रिमंडळ. कर्जासाठी आधी अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाची शिफारस, मग जपानी तज्ज्ञांची पाहणी, मग दोन सरकारांमधली पत्रं आणि शेवटी कर्जाचा करार. ७१ अब्ज येनचा पहिला करार सप्टेंबर २०१३ मध्ये झाला.

डीपीआरमध्ये प्रवासीसंख्येचा अंदाज होता: २०२१ मध्ये रोज सुमारे १३.९ लाख, २०३१ मध्ये सुमारे १७ लाख. २०२१ उजाडलं तेव्हा या मार्गावर एकही प्रवासी नव्हता, कारण बोगद्यांचं आणि स्थानकांचं काम चालूच होतं. खर्चाचा अंदाज आधी ३३ हजार कोटींच्या पुढे गेला आणि उद्घाटनावेळी ३७ हजार कोटींच्या वर सांगितला गेला. वाढलेल्या प्रत्येक रकमेसाठी सुधारित अंदाजपत्रकाची फाइल पुन्हा त्याच पायऱ्या चढते. उशीर झाला की किंमत वाढते, किंमत वाढली की नवी मंजुरी लागते, आणि नव्या मंजुरीत पुन्हा उशीर होतो.

परदेशी कर्जाबरोबर आणखी एक कागद येतो, आणि तो चाळकऱ्यांच्या बाजूचा असतो. पर्यावरणाच्या मंजुरीच्या आपल्या २००६ च्या अधिसूचनेत मेट्रोचा समावेश नाही. पण जायकाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास करावाच लागतो, आणि माणसं हलवायची असतील तर पुनर्वसनाचा कृती आराखडा द्यावा लागतो. हा कागद कच्चा राहिला तर काय होतं, हे मुंबईने पाहिलेलं आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केलं. विस्थापितांनी आणि दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या, मंडळाने पुनर्वसनातल्या त्रुटींवर बोट ठेवलं, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला. दुकानदारांच्या उपजीविकेचं काय, हा प्रश्न नियोजनात पुरेसा हाताळलेला नव्हता. काही महिन्यांनी, सुधारणांची हमी मिळाल्यावर, पैसा पुन्हा सुरू झाला. लोकांनी केलेल्या अर्जांनी एवढ्या मोठ्या संस्थेचा हात थांबवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गिरगाव-काळबादेवीत हाच प्रश्न चाळींच्या रूपात उभा राहिला. इथला रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. म्हणून स्थानकाचा बराच भाग वरून न उघडता आतून खणत नेण्याच्या पद्धतीने, ज्याला अभियंते ‘एनएटीएम’ म्हणतात, बांधला गेला. तरीही माणसं आणि यंत्रं खाली उतरवायला, जिने, लिफ्ट आणि हवेच्या वाटा काढायला मोकळी जागा लागतेच. ती काही इमारती पाडून मिळाली. त्या रहिवाशांना दूर उपनगरात न पाठवता त्याच परिसरात नव्या इमारतीत जागा द्यायची, असं ठरलं.

इथे सरकारी फाइल आणि चाळीतलं कपाट समोरासमोर आलं. पात्रता ठरवायची तर खोली कोणाची, हे सिद्ध करावं लागतं. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याकडे मालकीहक्काचा कागद नसतो; असते ती भाडेपावती. ती बहुधा आजोबांच्या नावाची, कधी पणजोबांच्या. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी नाव बदललेलं नसतं, कारण मालकाला त्यासाठी वेगळे पैसे हवे असतात आणि भावाभावांत एकमत नसतं. बेस्टचं वीजबिल दुसऱ्याच नावाचं, रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव तसंच. तळमजल्यावरच्या दुकानदाराकडे गुमास्ता परवाना असतो, पण त्यावरचा पत्ता शेजारच्या गाळ्याचा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. पण ‘बरोबर राहत होतो’ हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो: मतदार यादी, शाळेचा दाखला, पासबुक. फणसवाडीत अजून शेकडो खोल्या अशा आहेत आणि पुनर्विकासाची बोलणी घरोघरी चालू आहेत. त्या सगळ्यांनी भाडेपावतीवरचं नाव आजच लावून घ्यावं. मेट्रो येवो न येवो, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळासमोर किंवा विकासकासमोर याच पावत्या काढाव्या लागणार आहेत.

पैसा आल्यानंतरचा कागद म्हणजे वर उल्लेखलेलं उपयोगिता प्रमाणपत्र, बोलीभाषेत ‘यूसी’. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत त्याचे नमुने ठरवून दिले आहेत. स्वायत्त संस्थांसाठी १२-ए आणि राज्य सरकारांसाठी १२-सी. एका पानात सगळी कहाणी मावते: मंजुरीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक किती, त्यावर व्याज किती, यंदा किती आले, किती खर्च झाले, किती उरले. त्याखाली, पैसे ज्या कामासाठी दिले त्याच कामावर खर्च झाले याची आपण खातरजमा केली आहे, असं निवेदन आणि सह्या. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते देणं बंधनकारक आहे. रखडलेल्या यूसींची नोंद महालेखापरीक्षकांच्या अहवालांत सापडते, आणि राज्याच्या अहवालातलं ते प्रकरण वाहतुकीत रस असणाऱ्याने दरवर्षी उघडून पाहावं.

हे सगळे दस्तऐवज सामान्य माणसाला मिळू शकतात. काही संकेतस्थळांवर असतात. नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत. अर्ज मात्र मोघम नको. ‘मेट्रोची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की एक तर नकार येतो किंवा हजारो पानांच्या झेरॉक्सचं बिल येतं. पर्यायांच्या विश्लेषणाची प्रत मागावी, त्यावरची तारीख पाहावी. डीपीआरमधलं आपल्या स्थानकाचं प्रकरण आणि सोबतचा नकाशा मागावा. पुनर्वसन आराखड्यातली बाधित इमारतींची यादी मागावी, आणि आपल्या इमारतीचं नाव तिच्यात असेल तर त्यापुढचा भाडेकरूंचा आकडा चाळीतल्या खोल्यांशी ताडून पाहावा. फरक आढळला तर लेखी हरकत द्यावी आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा.